दोन 'प्रिन्सिपल' आणि मराठीच्या दोन तासिका



गेल्या महिन्यात पालकसभेचे इंग्रजी परिपत्रक शाळेतून घरोघरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एक प्रत आमच्या टेबलावर परत आली. खाली आमची सही होती आणि सहीखाली छापलेल्या 'प्रिन्सिपल' या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला होता. बाजूला बारीक, नीट अक्षरांत एक ओळ लिहिली होती : "आदरणीय प्राचार्य, सहीखाली चुकून 'तत्त्व' छापले गेले आहे." लिहिणारी सातवीतली विद्यार्थिनी होती.

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. शाळेचा प्रमुख या अर्थाचा 'प्रिन्सिपल' पी-ए-एल या अक्षरांनी संपतो, तर तत्त्व या अर्थाचा 'प्रिन्सिपल' पी-एल-ई या अक्षरांनी. दोन्ही शब्द कानाला एकच लागतात. परिपत्रक संगणकावर टाइप झाले होते, पण चुकीच्या शब्दाखाली संगणकाने लाल रेघ काही ओढली नाही. कशी ओढणार? शब्द इंग्रजीत आहे, शुद्ध आहे, फक्त तो आपला नव्हे! टाइप करणाऱ्याने पाहिले नाही आणि आम्हीही न पाहता सही केली. दोष आमचाच. त्या मुलीचे आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर अभिनंदन केले आणि दुरुस्त परिपत्रक पुन्हा पाठवले.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण केवळ कबुली देणे हे नाही. त्याच पालकसभेत काही पालकांनी एक सूचना मांडली आणि ती आता विश्वस्त मंडळापुढे आहे. पुढील सत्रापासून सहावी ते आठवीच्या वर्गांत मराठीच्या आठवड्यातील पाच तासिकांपैकी दोन कमी कराव्यात आणि त्या 'स्पोकन इंग्लिश'ला द्याव्यात, अशी ती सूचना आहे. मुलांचे इंग्रजी कच्चे राहते, ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांत गोंधळतात, पुढे मुलाखतीत मागे पडतात, हे त्यामागचे कारण. कारण खरे आहे. उपाय मात्र आम्हाला पटत नाही. का पटत नाही, ते या लेखात मोकळेपणाने मांडत आहोत.

प्रथम आमच्याविषयी. आम्ही घरी मराठी बोललो आणि शाळेत व महाविद्यालयात हिंदी माध्यमातून शिकलो. इंग्रजी हा आमच्यासाठी एक विषय होता, भाषा नव्हती. शिक्षक म्हणून नोकरीला लागल्यावर जेव्हा इंग्रजीत अर्ज, अहवाल, पत्रे लिहिण्याची वेळ आली तेव्हा रात्री शब्दकोश उशाशी घेऊन बसावे लागले. 'लूज' म्हणजे सैल, त्यात दोन 'ओ'. 'लूझ' म्हणजे हरवणे, त्यात एकच 'ओ'. हे आम्ही वयाच्या पंचविसाव्या वर्षी शिकलो, तेही एका वरिष्ठाने भर बैठकीत आमचे वाक्य वाचून दाखवल्यावर. तेव्हाचे हसणे आजही कानांत आहे. म्हणून इंग्रजीची काळजी करणाऱ्या पालकांना आम्ही हसत नाही. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, हे त्यांच्याइतकेच आम्हालाही वाटते.

आता गोंधळ कशाचा होतो ते पाहू. गेल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका आम्ही शिक्षकांबरोबर बसून चाळल्या. एका मुलाने लिहिले होते की तो रोज रात्री 'डेअरी' लिहितो. दुसऱ्याचे वडील दूध 'डायरी'त घालतात. आय आणि ए या दोन अक्षरांची अदलाबदल झाली की दैनंदिनी आणि दुधाचे केंद्र यांचीही अदलाबदल होते. एका मुलीने आईला देवदूत म्हणण्याऐवजी 'अँगल' म्हणजे कोन म्हटले होते. 'क्वाएट' म्हणजे शांत आणि 'क्वाइट' म्हणजे बराच, हे तर जवळजवळ प्रत्येक वर्गात उलटसुलट होते. 'ॲडव्हाइस' हे नाम, त्यात सी आणि उच्चार 'स'. 'ॲडव्हाइज' हे क्रियापद, त्यात एस आणि उच्चार 'झ'सारखा. येथे आमचे काही शिक्षकही अडखळतात, हे सांगितलेच पाहिजे. आणि आनंदमेळ्यात आठवीच्या मुलांनी 'स्नेक्स कॉर्नर' अशी पाटी लावली तेव्हा साप कुठे आहेत असे विचारत पालक हसत होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे शब्द असे का आहेत, हे मुलांना कुणी सांगत नाही. 'इंग्रजी विचित्रच आहे' असे म्हणून आपण पुढे जातो. वास्तविक त्यामागे इतिहास आहे आणि तो मुलांना आवडतो. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा त्या भाषेत आला. लॅटिन शब्द आधीपासून येतच होते, ते आणखी वाढले. पुढे १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छापखान्यामुळे स्पेलिंगे हळूहळू ठरत गेली. पण नेमक्या त्याच काळात, म्हणजे साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत, बोलण्यातले स्वर बदलत होते. अक्षरे कागदावर थांबली, जीभ पुढे गेली. 'मीट' म्हणजे भेटणे आणि 'मीट' म्हणजे मांस यांचे उच्चार पूर्वी वेगळे होते. ते पुढे एक झाले, स्पेलिंगे मात्र वेगळीच राहिली. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला पहिला 'के' पूर्वी खरोखर उच्चारला जात असे. आज तो गप्प आहे, पण रात्रीच्या 'नाइट'पासून सरदाराला वेगळे दाखवण्याचे काम अजून करतो.

उच्चार 'राइट', पण शब्द चार! एक योग्य किंवा उजवा, दुसरा लिहिणे, तिसरा धार्मिक विधी आणि चौथा कारागीर. नाटककाराला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात. त्यातला 'राइट' लिहिण्याचा नसून कारागिराचा आहे. सुतार जसा गाडा घडवतो तसा नाटक घडवणारा तो प्लेराइट. एकदा ही गोष्ट सांगितली की मुलगा ते स्पेलिंग सहसा विसरत नाही.

कागद-पेन्सिलीची 'स्टेशनरी' आणि एका जागी स्थिर या अर्थाची 'स्टेशनरी' यांचेही तसेच. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव हिंडून माल विकत. पुस्तके विकणारे मात्र विद्यापीठांच्या आसपास कायमचे दुकान मांडून बसत. एका ठिकाणी स्थिर बसणारा म्हणून तो 'स्टेशनर' आणि त्याच्याकडे मिळणारा माल ती 'स्टेशनरी'. म्हणजे दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे. पुढे एकाने ई घेतला, दुसऱ्याने ए. आमचे दोन 'प्रिन्सिपल'देखील लॅटिनमधल्या 'पहिला' या अर्थाच्या एकाच शब्दातून निघाले आहेत. शाळेतला पहिला तो प्राचार्य आणि आचरणातले पहिले ते तत्त्व. दोघांनी एकमेकांपासून फार दूर जाऊ नये, हे आम्ही स्वतःसाठी लक्षात ठेवले आहे.

कुणी म्हणेल, एखादे अक्षर चुकले म्हणून काय बिघडले? अर्थ तर कळतो. नेहमी कळत नाही. वैद्यकात 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त. रक्तातली साखर कमी झालेल्या रुग्णाचा उपचार आणि साखर वाढलेल्या रुग्णाचा उपचार एकमेकांच्या उलट असतात. घाईत, फोनवर, गोंगाटात हे दोन शब्द किती सारखे ऐकू येतात ते म्हणून पाहा. औषधांच्या नावांचेही तसेच. 'हायड्रॉक्सिझिन' हे खाज, ॲलर्जी यांवर देतात आणि 'हायड्रालाझिन' हे रक्तदाबावर. सारख्या दिसणाऱ्या व सारख्या ऐकू येणाऱ्या औषधनावांचा धोका इतका मोठा मानला गेला की २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय प्रसिद्ध केले त्यांत हा विषय पहिला ठेवला. त्याआधी, २००१ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपन्यांना एक साधी युक्ती सुचवली होती. अशा जोडीतल्या नावांत जेवढा भाग वेगळा आहे तेवढाच मोठ्या लिपीत छापायचा, बाकीचा लहान लिपीत. डोळा आपोआप फरकावर जाऊन थांबतो. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती लागणार आहे.

विमानांचे वैमानिकही आकडे बोलताना अशीच काळजी घेतात. रेडिओवर 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकमेकांसारखे ऐकू येऊ नयेत म्हणून ठरलेल्या पद्धतीनुसार पाच म्हणजे 'फाइफ' आणि नऊ म्हणजे 'नाइनर' असे म्हणतात. इतकी मोठी माणसे, इतकी मोठी यंत्रे, आणि काळजी एका स्वराची!

आणि आमच्या प्रयोगशाळेतला प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पिरिटच्या बाटलीवर 'इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले होते. नववीतल्या एका हुशार मुलाने ती निर्धास्तपणे पेटत्या दिव्याजवळ ठेवली. विचारले तेव्हा तो म्हणाला, "इनकरेक्ट म्हणजे करेक्ट नसलेले, तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे." तर्क बिनचूक होता, फक्त शब्दाने दगा दिला. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ एकच, पटकन पेटणारे. तिथला 'इन' नकाराचा नाही. शिक्षकांचे वेळीच लक्ष गेले म्हणून बरे. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेतील बाटल्यांवर 'पेट घेणारे' असे मराठीत आणि हिंदीतही लिहिलेले असते.

आता आपल्या घराकडे येऊ. आपण इंदूरचे मराठी लोक. होळकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, आपली कुटुंबे माळव्यात नांदत आहेत. घरात मराठी, दारात हिंदी, हे आपल्याला नवीन नाही. सारखा चेहरा आणि वेगळा अर्थ ही अडचणही आपल्याला नवीन नाही. आपण तीत वाढलो आहोत. आम्ही दहावी झालो तेव्हा पुण्याच्या आमच्या एका मावशीला पत्र लिहिले, "आमची शिक्षा इथेच चालू आहे." मावशीचे उत्तर आले, "बाळ, गुन्हा काय केलास?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ते पत्र घरात बरेच दिवस फिरत होते.

अशा जोड्या आपल्या मुलांना रोज भेटतात. हिंदीत 'चेष्टा' करावी तर तो प्रयत्न असतो, मराठीत केली तर समोरचा रागावतो. हिंदीचा 'संसार' म्हणजे सारे जग, आपला संसार म्हणजे चार भांडी आणि दोन खोल्या. 'यातायात' हिंदीत रस्त्यावरची वाहतूक. मराठीत नुसती दगदग, आणि चौकातली गर्दी पाहता दोन्ही अर्थ खरेच वाटतात. 'आपत्ती' मराठीत संकट, हिंदीत हरकत. 'प्रकृती' हिंदीत निसर्ग, मराठीत तब्येत. 'राजीनामा' दिला तर मराठी माणसाची नोकरी जाते. हिंदीत राजीनामा झाला तर भांडण मिटते. 'खाली' म्हणजे आपल्याकडे तळाशी, त्यांच्याकडे रिकामे. 'सही' हिंदीत बरोबर, मराठीत स्वाक्षरी. आणि आमची सही नेहमीच सही असते असे नाही, हे परिपत्रकाने दाखवून दिले. शाळेच्या सूचनाफलकावर 'पालक सभा' असे वाचून हिंदीभाषक पाहुण्यांना भाजीचा बेत आठवतो, हा तर आपला जुना विनोद.

आमचा मुद्दा येथे आहे. ज्या मुलाला 'शिक्षा' या एका शब्दाचे दोन अर्थ बिनचूक कळतात, तो एक फार मोठी गोष्ट शिकलेला असतो. ती म्हणजे, शब्दाचा चेहरा पाहून अर्थ ठरवायचा नसतो. तो कोणाबरोबर, कोणत्या वाक्यात, कोणाच्या घरी आला आहे ते पाहायचे असते. 'प्रिन्सिपल', 'स्टेशनरी', 'राइट' यांच्यापुढे इंग्रजीच्या तासाला हीच सवय लागते. ती सवय आपल्या मुलांना कुठे लागते? मराठीच्या तासाला.

मराठीच्या तासाला काय चालते ते काही पालकांना ठाऊक नसावे, म्हणून सांगतो. ऱ्हस्व 'दिन' म्हणजे दिवस आणि दीर्घ 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. 'पाणि' म्हणजे हात, 'पाणी' म्हणजे जल. एका वेलांटीने अर्थ फिरतो, हे मुले येथे शिकतात. 'जरा' म्हणजे थोडेसे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लिहायचे एकसारखे, पण 'ज'चा उच्चार दोन प्रकारांचा. हा बारीक फरक ज्या कानाला कळतो त्याला 'ॲडव्हाइस'चा 'स' आणि 'ॲडव्हाइज'चा 'झ' कळायला वेळ लागत नाही. मराठी लिहिताना आपण 'व' आणि 'व्ह' वेगळे लिहितो. म्हणून 'वेट' म्हणजे ओला आणि 'व्हेट' म्हणजे गुरांचा डॉक्टर हा भेद आपल्या मुलांना कागदावर दिसतो. हिंदीत सहसा दोन्हींसाठी 'व'च लिहितात. 'बेट', 'बॅट' आणि 'बट' हे तिन्ही आपल्या लिपीत सरळ लिहिता येतात. 'स्नेक' आणि 'स्नॅक' यांत एका अर्धचंद्राचा फरक आहे. आनंदमेळ्याच्या पाटीवर तो अर्धचंद्र असता तर सापांची चौकशी झाली नसती!

हे आम्ही कोणत्याही पुस्तकी संशोधनाच्या आधारे म्हणत नाही. तीस वर्षे वर्गात उभे राहून जे पाहिले ते सांगतो आहोत. ज्यांचे मराठी लेखन स्वच्छ असते त्यांचे इंग्रजी थोडे उशिरा का होईना पण पक्के होते. ज्यांना दोन्हीकडे अंदाजाने लिहायची सवय असते ते दोन्हीकडे अंदाजानेच लिहीत राहतात. अंदाज हा खरा शत्रू आहे. मराठीच्या दोन तासिका काढल्याने तो जाणार नाही, उलट त्याला राहायला आणखी जागा मिळेल.

पालकांच्या बाजूने जे म्हणता येईल ते आम्ही टाळत नाही. ते म्हणतात, मराठी घरी बोलतोच, शाळेत कशाला? आम्ही नम्रपणे विचारतो, किती घरी बोलतो? आमच्याकडे प्रवेशासाठी येणाऱ्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा मराठीत विचारतात आणि मुले हिंदीत उत्तर देतात. त्यात मुलांचा दोष नाही. पण घरातली मराठी बोलण्यापुरती उरली असेल, तर वाचण्या-लिहिण्याची मराठी शाळेतच मिळणार. दुसरे म्हणतात, मराठीने नोकरी मिळत नाही. नुसत्या मराठीने मिळत नाही, हे मान्य. पण आठवड्याला जास्तीच्या ऐंशी मिनिटांच्या 'स्पोकन'नेही मिळत नाही. स्पोकनच्या वर्गात मुले ठरावीक वाक्ये पाठ करतात. 'हाउ आर यू'ला 'फाइन' म्हणतात. बोलण्याची भीड जाते, हा त्याचा फायदा आम्ही नाकारत नाही. पण 'लूज' आणि 'लूझ' यांतला फरक बोलून कळत नाही, तो वाचून आणि लिहूनच कळतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते, ती सांगू द्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आपल्या शाळेत पेढे वाटले गेले, विश्वस्तांची भाषणे झाली, टाळ्या झाल्या. आता त्याच मराठीचा तास आम्ही वेळापत्रकातून खोडायचा असेल तर त्या पेढ्यांचा अर्थ मुलांना काय सांगायचा? अभिमान भाषणात आणि काटछाट वेळापत्रकात, असे मुलांच्या लगेच लक्षात येते. मोठी माणसे समजतात त्यापेक्षा मुले अधिक पाहतात. लाल पेन्सिल त्यांच्या हातात असते.

नुसता विरोध करणे प्राचार्याला शोभत नाही. म्हणून आमची योजना मांडतो.

पहिली गोष्ट, मराठीच्या पाच तासिका कायम ठेवाव्यात. दुसरी, इंग्रजीच्या सध्याच्या सहा तासिकांतच पद्धत बदलावी. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणे बंद. 'डेझर्ट' म्हणजे वाळवंट आणि 'डिझर्ट' म्हणजे जेवणानंतरचा गोड पदार्थ, एकात एक एस, दुसऱ्यात दोन, असे सांगून न थांबता मुलाने प्रत्येक शब्दाचे स्वतःच्या घरातले एक वाक्य लिहावे. गोड पदार्थ दोनदा घ्यावासा वाटतो म्हणून दोन एस, अशी खूण मुलांनाच शोधू द्यावी. आम्ही एकदा 'प्रिन्सिपल'साठी जुनी खूण सांगितली की शेवटचा पी-ए-एल म्हणजे 'पॅल', मित्र. मुलांनी ते 'पाल' असे वाचले आणि आठवडाभर आमच्याकडे पाहून हसत होती. खूण मात्र कायमची बसली! भिंतीवरची पाल होऊन का होईना, आम्ही मुलांच्या उपयोगी पडलो.

तिसरी गोष्ट, ती औषधांच्या बाटल्यांवरची युक्ती. प्रत्येक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक जोडी लिहावी, आणि फरकाचे अक्षर मोठे व लाल खडूने. वर्षाचे साधारण दोनशे दिवस शाळा भरते, म्हणजे दोनशे जोड्या होतात. त्यात आठवड्यातून एक दिवस मराठी-हिंदीची जोडी आणि एक दिवस मराठीची ऱ्हस्व-दीर्घ जोडी असावी. तिन्ही भाषा एकाच कोपऱ्यात दिसू लागल्या की मुलांना कळेल, की प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तरही एकच आहे, ते म्हणजे लक्ष.

चौथी गोष्ट, बोलण्याच्या सरावासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, ज्यांना हवा त्यांच्यासाठी. त्यासाठी इंग्रजीच्या दोन शिक्षकांनी तयारी दाखवली आहे. पहिला तास आम्ही स्वतः घेऊ, चुकत-चुकत का होईना.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की निर्णय सहामाहीपर्यंत थांबवावा. गेल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांतील अशा चुका आम्ही वर्गवार मोजून ठेवल्या आहेत. येत्या सहामाहीनंतर त्या पुन्हा मोजू. पालकांपैकी कुणीही मोजायला यावे. चुका कमी झाल्या नाहीत, तर तासिका बदलण्याचा प्रस्ताव आम्ही स्वतः मंडळापुढे ठेवू आणि तेव्हा मागचे शब्द आड आणणार नाही. कमी झाल्या, तर मराठीच्या तासांकडे पुन्हा कुणी कात्री घेऊन येऊ नये, एवढेच मागणे.

पालकांना सांगणे इतकेच की रोज रात्री जेवताना मुलाला विचारा, "आज कोपऱ्यात कोणती जोडी होती?" त्याने सांगितलेला अर्थ ऐका. तुम्हाला माहीत नसेल तर तसे म्हणा. आई-बाबांनाही शिकायचे असते हे पाहून मुलाची भीती अर्धी होते. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याकडून एखादी मराठीची जोडी मागून घ्या. त्यांच्याकडे आमच्या फळ्यापेक्षा मोठा साठा आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. चूक दिसली की गोल काढा. पुस्तकात दिसली तर काढा, दुकानाच्या पाटीवर दिसली तर मनातल्या मनात काढा, आणि प्राचार्यांच्या परिपत्रकात दिसली तर लाल पेन्सिलीने काढून आमच्या टेबलावर आणून ठेवा. पण दुसऱ्याची चूक दाखवताना त्या सातवीतल्या मुलीसारखी भाषा ठेवा. तिने आम्हाला अडाणी म्हटले नाही, हसलीही नाही. तिने फक्त 'चुकून' हा शब्द लिहिला. तो एक मराठी शब्द तिला नेमका कुठे घालायचा हे कळले होते. हे ती ज्या तासाला शिकली, तो तास आम्हाला वेळापत्रकात हवा आहे.

आपले नम्र,
प्राचार्य
(यावेळी स्पेलिंग दोनदा तपासून)